आजोबांबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची? : वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि मेलवर आजोबांबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा पूर्ण कॉलम त्यांनाच. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही मोठं झालंय.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, सध्या नोकरीमुळे पुण्यात. माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, मागच्या वर्षी गेले, ८८ वर्षांचे होते. धंदा सोनाराचा, वडिलोपार्जित दुकान, त्याच्या जोडीला नगरपालिकेत नगरसेवक, नंतर उपनगराध्यक्ष, वाचनालयाचे बरीच वर्षं अध्यक्ष, गावात कुणाच्या घरी वाटणीवरून भांडण झालं की लोक म्हणायचे चला अण्णांकडे. आता वर्षश्राद्धाला काकांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि तू शिकलेली आहेस म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चार पानं लिहिली, प्रेमळ, प्रामाणिक, निःस्वार्थी, दानशूर सगळं लिहिलं, पण वाचताना अण्णा कुठे दिसतच नाहीत, वर कुणाच्याही आजोबांचा फोटो लावला तरी चालेल असं झालंय. घरात जुन्या वह्यांचं एक गाठोडं आहे, त्यातल्या काही मोडी लिपीत आहेत. अजून एक, लहानपणापासून ऐकत आलोय की ७२ च्या दुष्काळात बायकांनी गहाण ठेवलेले दागिने अण्णांनी वितळवले नाहीत, ज्याचे त्याला परत दिले. आई म्हणते हे लिहीच, काका म्हणतात नको, लोक म्हणतील सावकारी करत होते. काय करू?
– एक नात

उत्तर : अगं, तुझी चार पानं तुलाच पटली नाहीत हे किती चांगलं झालं, कारण बहुतेक स्मरणिका तिथेच छापायला जातात. ती पानं बाजूला ठेव आणि आधी दुकानात जाऊन बस. दुकान अजून चालू असेल तर काकांच्या शेजारी, बंद झालं असेल तर जो कुणी जुना कारागीर गावात असेल त्याच्याकडे. कारण अण्णांना गावाने जे मोठेपण दिलं ते आकाशातून पडलेलं नाही, ते त्या बैठकीवर मिळालेलं आहे, आणि तू ते दुकान सोडून थेट उपनगराध्यक्षपदावर गेलीस म्हणून ते दिसत नाहीयेत.

‘प्रामाणिक’ हा एकच शब्द घे. सोनाराच्या धंद्यात प्रामाणिक म्हणजे नेमकं काय ते लिहून काढ. दागिना जोडायचा तर डाक, म्हणजे सांधा जोडायचा मिश्रधातू लागतो, डाक मूळ सोन्यापेक्षा हलका असतो कारण तो आधी वितळायला हवा, म्हणजे डाक जास्त वापरला की दागिन्याचा कस उतरतो आणि गिऱ्हाइकाला वीस वर्षांनी मोडायला गेल्यावर ते कळतं, तोपर्यंत कोण विचारणार? बोरमाळ घे. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या खळग्याच्या ठोकळ्यात ठोकून करायच्या, त्या जोडून पोकळ मणी तयार करायचा आणि आत लाख भरायची म्हणजे मणी चेपत नाही. आता या लाखेचं वजन सोन्याच्या भावात धरलं का वेगळं सांगितलं? घडताना जी घट येते ती किती लावली? कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस बघताना गिऱ्हाइकाला समोर बसवलं होतं की दागिना आत नेला होता? हे प्रश्न गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचार. त्यांना सगळं आठवत असतं, कुठल्या सोनाराने किती घट लावली ते तर अगदी गुंजेपर्यंत आठवतं. त्यांच्यातली एखादी म्हणाली ना की अण्णा मणी भरायच्या आधी एकदा आणि भरल्यावर एकदा असं माझ्यासमोर तोलायचे, तर तेवढं एक वाक्य तुझ्या चार पानांच्या जागी पुरेल.

आणि झारेकऱ्यांना विसरू नको. सोनाराच्या दुकानातला केर, बागेसरीतली (सोनाराच्या शेगडीतली) राख, बैठकीखालची माती, हे सगळं झारेकरी विकत घेतात, पाण्यात धुतात, पारा लावून सोन्याचे कण गोळा करतात. तुमच्या दुकानाचा केर वर्षानुवर्षं कोण न्यायचं ते शोध, त्या घरातलं कुणी भेटलं तर बस त्यांच्याशी. सोनार माणूस गिऱ्हाइकाशी गोड बोलतोच, केर न्यायला आलेल्या माणसाशी कसा बोलायचा यावरून जास्त समजतं असं मला मनापासून वाटतं.

आता १९६३. तुझ्या पत्रात हे साल नाही याचं आश्चर्य वाटलं, कदाचित घरात कुणी बोलत नसेल. अण्णा तेव्हा पंचविशीतले, नुकतं दुकान हातात आलेलं असणार. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते, आणि नियम असा आला की नवीन दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचाच नाही. आपल्याकडे मंगळसूत्राच्या वाट्या १४ कॅरटच्या कोण करून घेणार? सोन्याचा रंग वेगळा, घडवताना कडक, आणि लोकांच्या मनालाच पटेना. देशभर लाखो सोनारांच्या हातचं काम एका रात्रीत गेलं, कुणी भाजी विकली, कुणी गिरणीत लागलं, कुणी मुलांना सांगितलं की परत ऐरणीला हात लावायचा नाही, आणि आत्महत्याही झाल्या. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली पण लगेच १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, सोनाराला सर्टिफिकेट, व्यापाऱ्याला लायसन, किती सोनं जवळ ठेवायचं त्याला मर्यादा, हिशेबाची रजिस्टरं, तपासणी. तो कायदा रद्द झाला १९९० ला. म्हणजे बघ, अण्णांच्या उमेदीची जवळजवळ सगळी वर्षं या नियंत्रणात गेली. त्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत घर कशावर चाललं हे काकांना विचार, आत्यांना विचार. चांदीची कामं केली का, जोडवी, पैंजण, वाळे, देवाचे टाक, की नुसती जुन्या दागिन्यांची दुरुस्ती, की दुसरीकडे नोकरी. आणि माझा अंदाज, अंदाजच आहे, तपासून बघ, की अण्णा सार्वजनिक कामात आले ते याच काळात असतील, कारण तेव्हा गावोगावचे सोनार एकत्र येऊन निवेदनं देत होते, मोर्चे काढत होते, आणि पाच जणांच्या वतीने अर्ज लिहायची सवय एकदा लागली की माणूस पुढे नगरपालिकेत सहज पोचतो. घरात जुनं सर्टिफिकेट किंवा रजिस्टर सापडलं तर त्याचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पान छाप, हारतुऱ्याच्या फोटोपेक्षा मोठा.

वह्यांकडे येऊ. मोडीतल्या वह्या बहुतेक पणजोबांच्या असतील कारण अण्णांच्या पिढीत लिहिणं बहुतेक देवनागरीत आलं, तरी काही घरांत हिशेबापुरती मोडी पुढेही चालली त्यामुळे अक्षर बघून ठरव. मोडी वाचायचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात, पुराभिलेख खात्याकडूनही प्रशिक्षण होतं, कुणी वाचणारा मिळेपर्यंत प्रत्येक पानाचा वरून उजेड घेऊन सरळ फोटो काढून ठेव, पानं सोडवू नको, सेलोटेप तर अजिबात लावू नको. देवनागरी वह्या तू स्वतः वाच. वाचताना दोन-तीन गोष्टी डोक्यात असू दे. १ एप्रिल १९५७ च्या आधीचा हिशेब रुपये-आणे-पै मध्ये असणार, १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैचा आणा. वजन तोळा-मासा-गुंज, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आणि तो तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात आपण १० ग्रॅमला तोळा म्हणतो तो नाही, त्यामुळे जुना आकडा आजच्या भावाने गुणून स्मरणिकेत टाकू नको. १९६० च्या आसपास वहीत ग्रॅम दिसायला लागतील, काही पानांवर दोन्ही वजनं शेजारी-शेजारी असतील, आणि त्या पानांवर अण्णांचं अक्षर असलं तर ते पान मला स्वतःला बघायला फार आवडेल, कारण पिढ्यानपिढ्या गुंजेत विचार करणारा माणूस ग्रॅम शिकतोय ते त्या पानावर दिसत असतं.

आता आई आणि काकांचा वाद. माझं म्हणणं, लिहायचं, पण ऐकीव म्हणून नाही, तपासून लिहायचं. १९७२ चा दुष्काळ सातारा-सांगली-सोलापूर पट्ट्यात ज्यांनी पाहिला ते सुकडी (मदत म्हणून वाटलेलं पौष्टिक पीठ), लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि खडी फोडायची कामं हे तीन शब्द पहिले काढतात. त्या वर्षी घरातली शेवटची वस्तू म्हणून बायकांनी डोरलं आणून दिलं असणार यात शंका नाही. पण गहाण ठेवून पैसे देणं याला तेव्हाही परवाना लागत होता, १९४६ चा सावकारी कायदा होता, आता त्या जागी २०१४ चा आहे. तर वहीत बघ : परवान्याचा काही कागद आहे का, रक्कम किती दिली, व्याज लावलं का, किती, आणि सोडवून नेल्याची सही किंवा अंगठा कुठल्या साली आहे. व्याज लावलेलं दिसलं तर तेही लिही. व्याज घेणारा माणूसही सहा-सात वर्षं एखादीचं डोरलं चिठ्ठी लावून तसंच जपून ठेवू शकतो, दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, आणि गावातल्या लोकांना त्या दोन्ही माहीत असतात, आपण एक लपवली की दुसरीवरचा विश्वास जातो. सगळ्यांत चांगलं म्हणजे ज्या घरात दागिना परत गेला त्यातलं एक तरी घर शोध. ती आजी नसेल तर सून असेल, आणि दागिना मोडला नसेल तर त्याचा फोटो घे, त्यांना विचारून, नाव छापायचं की नाही तेही त्यांनाच विचारून. गहाण टाकलं होतं हे चारचौघांत यावं असं सगळ्यांना वाटत नाही, तिथे अण्णांच्या मोठेपणासाठी दुसऱ्याच्या घरची गरिबी उघडी करायची नाही. एकही घर सापडलं नाही, वहीतही नोंद नाही, तर ‘आमच्या घरात असं सांगतात’ एवढं म्हणून दोन ओळीत ठेव.

सार्वजनिक कामाचं रेकॉर्ड मिळतं, लोक शोधत नाहीत एवढंच. नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं असतात, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोधात कोण होतं सगळं त्यात असतं. साध्या विनंती अर्जावर दाखवली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज कर, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, मात्र अर्जात ‘अण्णांची सगळी माहिती द्या’ असं नको, साल आणि सभा सांगून माग. वाचनालय ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असणार, तर धर्मादाय कार्यालयात त्याचं परिशिष्ट एक आणि चेंज रिपोर्ट असतात, कोण कधी विश्वस्त झालं, कधी उतरलं, तारखेसकट. वाचनालयाचे वार्षिक अहवाल तर तिथल्याच कपाटात असतील. हे वाचताना अण्णा कुठे हरले तेही शोध. कुठला ठराव फेटाळला गेला, कुठली निवडणूक पडले, कुणाशी आयुष्यभर पटलं नाही. त्यांच्या विरोधी पॅनलमधलं कुणी हयात असेल तर आधी त्यांच्याकडे जा, त्यांचं वय झालेलं असणार, आणि खरं सांगते, विरोधकाने दिलेली अर्ध्या पानाची आठवण सगळ्या आप्तांच्या श्रद्धांजल्यांपेक्षा जास्त वाचली जाते.

लोकांना नुसतं ‘अण्णांची आठवण सांगा’ म्हटलं की सगळे म्हणतात ‘देवमाणूस होते’ आणि थांबतात. तारीख धरून विचार. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा कुठे होते, त्या दिवशी दुकान उघडलं का, नंतरचे दिवस लोक बाहेर झोपत होते तेव्हा दुकानातला लोकांचा माल कुणी सांभाळला? तुमच्या जिल्ह्यात ही पहाट त्या पिढीतला कुणीच विसरलेला नाही, आणि त्या पहाटेपासून बोलायला लागला की माणूस आपोआप पुढचं-मागचं सांगत जातो.

आणि आजी! तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात आजीचा एक शब्द नाही. चला अण्णांकडे म्हणून जी माणसं यायची त्यांना चहा कोण करत होतं, ओसरीवर नवरा-बायकोचं भांडण मिटवायला बसलेले असताना त्या बाईला आत नेऊन खरं काय झालं ते कुणी विचारलं असेल? सोनाराच्या घरातल्या बायका मणी ओवतात, उजळायचं काम करतात, रिठ्याच्या पाण्यात दागिने धुतात, वजनं लक्षात ठेवतात, आणि १४ कॅरटच्या वर्षांत तर घर चालवायचा भार कितीतरी घरांत त्यांच्यावरच आला असणार. आजी आहेत का आता? असतील तर हे सगळं सोडून आधी त्यांच्याजवळ बस, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि हातात एक जुना दागिना दे, प्रश्न विचारू नको, त्या बोलतील.

स्मरणिका ४० पानांच्या आत ठेव, शुभेच्छा-जाहिराती घेऊ नको असं काकांना माझ्याकडून सांग, आणि एक प्रत वाचनालयात दाखल करून नोंद करून घे. वर्षश्राद्धापर्यंत सगळं होणार नाही. त्या दिवशी आठ पानांची छोटी पुस्तिका दे, मोठी पुढच्या वर्षी.

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, आजोबांपासून त्रिशूरला आहोत, गलाईचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. इकडच्या मराठी लोकांचं मंडळ, गणपती, गावाकडून नव्याने आलेल्या पोरांना खोली आणि काम बघून देणं, कुणी वारलं तर गावी पाठवायची व्यवस्था, हे सगळं आजोबा बघायचे. आता ते ९० च्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. माझी मुलं मराठी बोलतात पण वाचतात मल्याळम आणि इंग्लिश. आजोबांचं आयुष्य त्यांच्यासाठी कशात आणि कसं लिहून ठेवू?
– एक गलाई बांधव

उत्तर : आजोबा हयात आहेत ही केवढी मोठी गोष्ट आहे, तर लिहिण्याचा विचार नंतर करा, आधी आवाज घ्या. ऐकायला कमी येतं म्हणता तर प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर धरा, एका वेळी एकच. सकाळी बसा, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. भाषेची काळजी करू नका, त्यांना त्यांच्या माणदेशी बोलीतच बोलू दे, मुलांसाठी तुम्ही नंतर मल्याळममध्ये सारांश लिहाल, पण मूळ आवाज तोच राहू दे.

पहिलं काय विचारायचं तर धंदा. तुमच्याकडचे लोक पावसाच्या भरवशावरची जमीन मागे ठेवून कोचीपासून कोलकात्यापर्यंत, दिल्लीपासून कोइम्बतूरपर्यंत गेले, जवळजवळ प्रत्येक सराफ पेठेत एक तरी विट्याकडचा, म्हणजे तुमच्याच तालुक्यातला, गलाईवाला असतो, आणि तरी बाकीच्या महाराष्ट्राला हा धंदा नेमका काय ते धड माहीत नाही. मुलांनाही माहीत नसेल, त्यांना फक्त दुकानाचा बोर्ड आणि धूर माहीत. तर आजोबांकडून कृती पूर्ण सांगून घ्या, अगदी स्वयंपाकाची सांगतात तशी. जुना दागिना मुशीत टाकणखार घालून वितळवला, त्यात अंदाजाने तिप्पट चांदी मिसळली, तो रस पाण्यात ओतून दाणे केले, दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकले, चांदी-तांबं विरघळून गेलं आणि खाली उरली ती तपकिरी भुकटी, ती धुऊन परत वितळवली की चोख सोनं. आणि ॲसिडात गेलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवायची. चांदी कमी पडली तर सोनं नीट सुटत नाही, जास्त पडली तर भुकटी फार बारीक होऊन धुताना वाहून जायची भीती, हा अंदाज त्यांना कुणी शिकवला, किती वर्षांनी शेठने एकट्याला भट्टीवर बसू दिलं, पहिल्यांदा माल कमी भरला तेव्हा काय झालं? त्या लालसर धुराबद्दल पण विचारा. तो नायट्रिकचा धूर फुफ्फुसाला वाईट, जुन्या काळी चिमणी नाही, पंखा नाही, छोट्या खोलीत तेच काम आणि तिथेच झोप. त्या खोलीतल्या किती जणांना खोकला लागला, कोण लवकर गेलं, हे आजोबा सांगतील तर लिहून ठेवा. ज्यांना त्यांनी गावी पाठवायची व्यवस्था केली त्यांची नावं त्यांच्याशिवाय आता कुणाला आठवणार आहेत? ती नावं, गाव आणि साल, एका वहीत वेगळी करा, मंडळाच्या दृष्टीने ती यादी फार मोलाची आहे.

तिकडच्या लोकांनाही विचारा. पेठेतले जुने ज्वेलर, घरमालक, शेजारी, त्यांच्या मल्याळममध्येच लिहून घ्या. परक्या मुलखात शब्दावर सोनं हातात देणारी माणसं मिळवायला आजोबांना किती वर्षं लागली असतील, हे तीच माणसं सांगू शकतील. मुलं ते मल्याळममधून वाचतील तेव्हा त्यांना आजोबा त्यांच्याच शहरातले वाटतील, नुसते सुट्टीत यात्रेला जातो त्या गावचे नाही. आणि यंदा यात्रेला गेलात की गावातल्या शाळेत किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर गलाई मंडळींच्या देणग्या कोरलेल्या असतील, तिथे आजोबांचं नाव कुठल्या सालच्या पाटीवर आहे त्याचे फोटो काढा. मुलांना सोबत न्या, पाटी त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : आमच्या आजोबांचं नाव गावातल्या चौकाला द्यावं म्हणून आम्ही प्रयत्न करतोय पण दोन चुलत्यांत नावावरून वाद आहे, एकाला ‘शेठ’ लावायचंय, एकाला नको. तुम्ही काय सुचवाल?
– एक नातू, खानदेश

उत्तर : ठराव नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा लागतो, अर्ज तुम्ही केला तरी निर्णय सभेत होतो, त्यामुळे घरातला वाद सभेच्या आधी मिटवा नाहीतर अर्ज तिथेच पडून राहतो. लोक त्यांना ज्या नावाने हाक मारायचे ते लावा. दुकानासमोर उभं राहून चार म्हाताऱ्यांना विचारलंत तर लगेच कळेल. आणि माझं स्पष्ट मत, चौकापेक्षा शाळेत एक प्रयोगशाळा किंवा वाचनालयात एक कपाट पुस्तकं करून दिलीत तर जास्त बरं.

प्रश्न : आजोबा सुतार होते, गावातली निम्मी दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या. गावच्या सोसायटीचे चेअरमन पण होते. त्यांची अवजारं माळ्यावर आहेत, रंधे, पटाशा, वाकस, गिरमिट, खतकस. बाबा म्हणतात भंगारात दे, भाऊ म्हणतो पॉलिश करून हॉलमध्ये लावू. मला दोन्ही बरोबर वाटत नाही.
– एक नात, रत्नागिरी

उत्तर : मलाही वाटत नाही. भंगारात तर नकोच. आणि पॉलिश करू नका प्लीज, रंध्याच्या मुठीवर जिथे त्यांचा तळवा बसायचा तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं असेल, कुठल्या पटाशीची मूठ त्यांनी स्वतः दुसऱ्या लाकडाची बसवली असेल, पॉलिशवाला ते सगळं घासून काढतो. कोकणातल्या दमट हवेत लोखंडाला गंज चढतोच, तर आधी कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल किंवा मशीनचं तेल हलक्या हाताने लावा आणि वर्तमानपत्रात नाही, सुती कापडात गुंडाळा.

मग आजोबांच्या हाताखाली शिकलेलं कुणी असेल त्याला घरी बोलवा, जेवायला घाला, आणि एकेक अवजार त्याच्या हातात देऊन कशासाठी वापरायचे ते व्हिडिओत घ्या. धरलं कसं, लाकडावर ठेवलं कसं, ते दिसू दे, एखादी फळी आणून ठेवा म्हणजे प्रत्यक्ष रंधा मारून दाखवता येईल. प्रत्येक अवजाराला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, नाव, कुठून घेतलं, कुठल्या कामाला. दोन-तीन घरात ठेवा, बाकीची त्या माणसाला चालणार असतील तर त्यालाच द्या, तो वापरेल. त्याला नको असतील तर जवळच्या आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड असेल तिथे चौकशी करा.

आणि दारं! गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची म्हणता, तर मे महिन्यात चाकरमानी घरं उघडतात तेव्हा फोन घेऊन एक फेरी मारा. जुनी घरं पाडून स्लॅबची होतायत, दारं आधी जातात. प्रत्येक दाराचा फोटो बंद आणि उघडा असा दोन्ही घ्या, चौकटीवरचं नक्षीकाम जवळून घ्या, फणस का सागवान ते विचारा, घरवाल्यांना काम कधी झालं आणि मजुरी काय दिली ते आठवत असेल तर लिहा, पुष्कळ ठिकाणी भात दिलं असं सांगतील. सोसायटीचे चेअरमन होते तर वार्षिक सभेचे अहवाल सोसायटीत असतील, त्यांच्या काळात कर्ज कुणाकुणाला मिळालं, वसुली कशी झाली, दप्तर गोडाऊनमध्ये पडलेलं असतं, सेक्रेटरींना विचारून पावसाच्या आधी बघून घ्या कारण वाळवी लागते. बाबांना पण या फेरीला घेऊन जा, भंगारात दे म्हणतायत ते बहुतेक माळ्यावर चढून ती पेटी उघडायची त्यांची तयारी नाही म्हणून.